वजन उतरवताना दुपारचे खानदेशी जेवण: ताट कसे आखावे

वजन कमी करायचे ठरवल्यावर बहुतेक माणसे रात्रीच्या जेवणाला आधी कात्री लावतात. माझ्या मते पहिले लक्ष दुपारच्या ताटाकडे द्यावे. दुपारचे जेवण अपुरे किंवा एकांगी झाले, तर संध्याकाळी पाच वाजता चहाबरोबर शेव, कचोरी किंवा भज्यांची बशी समोर येताच हात आवरत नाही, आणि दिवसभर राखलेला संयम दहा मिनिटांत संपतो. म्हणून या लेखात जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या घरांत रोज शिजणारे पदार्थच घेऊन दुपारचे जेवण कसे आखावे, किती वाढावे आणि कोणत्या गोष्टीत हात आखडता घ्यावा, ते सांगितले आहे. त्यासाठी ओट्स, ऑलिव्ह तेल किंवा महागडी भुकटी आणण्याची गरज नाही. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, गिलके (घोसाळे), वांगी, मेथी, कांदा आणि ताक एवढे घरात असले, तर संतुलित जेवणाचे सर्व घटक घरात आहेत. जेवणातला बिघाड तेलात, शेंगदाण्यात, शेवेत आणि वाढण्याच्या पद्धतीत आहे.

आरंभी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी भाकरी-भाताचे प्रमाण अचानक कमी केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवता येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा बेत करूच नये. या सर्वांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. इतरांसाठी आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वजन उतरण्याचा सुरक्षित वेग मानला जातो, आणि त्यातील अर्ध्या किलोसाठी दिवसाच्या आहारात साधारण ५०० कॅलरींची कपात पुरते. ही कपात कोठून करायची, हाच खरा प्रश्न आहे.

ताटाचा आराखडा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाच्या २००० कॅलरींच्या आहारासाठी भाज्या ४०० ग्रॅम, धान्ये सुमारे २५० ग्रॅम, कडधान्ये व डाळी ८५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, असेही त्यांत म्हटले आहे. आपल्या दुपारच्या ताटाशी हे आकडे ताडून पाहिले, तर अडचण लगेच लक्षात येते. आपल्याकडे ताटात मध्यभागी दोन-तीन जाडजूड भाकरी असतात, कडेला चमचाभर भाजी असते, आणि डाळ पातळ असते किंवा नसतेच. ठेचा आणि कच्चे तेल यांच्या आधारावर भाकरी संपते. पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात, आणि चार तासांत पुन्हा भूक लागते.

म्हणून वाढण्याचा क्रम बदलावा. ताटाचा अर्धा भाग आधी भाज्यांनी भरावा: एक शिजवलेली भाजी, शक्यतो पालेभाजी किंवा वेलभाजी, आणि कांदा, काकडी, मुळा, टोमॅटो किंवा मेथीची कोवळी पाने अशी कच्ची जोड. उरलेल्या अर्ध्या भागात आधी घट्ट डाळ किंवा उसळीची वाटी ठेवावी, आणि जी जागा उरेल ती भाकरीची समजावी. भाकरी शेवटी वाढल्यामुळे ती आपोआप मर्यादेत राहते. जेवायला सुरुवातही भाजी आणि डाळीच्या घासाने करावी. पोट भरल्याची जाणीव होण्यास साधारण वीस मिनिटे लागतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दोन भाकरी संपवणाऱ्याला आपण किती खाल्ले हे उशिरा कळते.

भाकरीच्या आकाराविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. “मी दोनच भाकरी खातो” या वाक्यावरून काहीच कळत नाही, कारण खानदेशातील हातावर थापलेली मोठी भाकरी ८० ते १०० ग्रॅम पिठाची असू शकते आणि शहरातील लहान भाकरी ४० ग्रॅमची. एकदा पीठ वजन काट्यावर मोजून घ्यावे आणि ६० ग्रॅम पिठाचा गोळा हाताला कसा लागतो ते लक्षात ठेवावे. पुढे रोज मोजण्याची गरज उरत नाही.

कळण्याची भाकरी का धरून ठेवावी

आपल्या भागातील सर्वांत शहाणा पदार्थ कोणता, असे मला कोणी विचारले तर मी कळण्याची भाकरी हेच उत्तर देईन. साधारण चार भाग ज्वारीत एक भाग अख्खे उडीद घालून, थोडे मीठ टाकून हे पीठ दळून आणतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. उडदात मिथिओनिन कमी असते, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र दळल्याने एकाच भाकरीत परस्परांची उणीव भरून निघते. ६० ग्रॅम कळण्याच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे २०० कॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. शिवाय उडीद सालासकट दळलेले असल्याने तंतुमय भाग चांगला मिळतो आणि भाकरी पोटात बराच वेळ टिकते. ज्यांना वजन उतरवताना सारखी भूक लागते, त्यांनी गव्हाच्या पोळीच्या जागी आठवड्यातून चार-पाच दिवस ही भाकरी ठेवावी. पिठात मीठ आधीच असल्याने तिच्याबरोबरचा ठेचा आणि लोणचे बेताचेच असावे, कारण दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, राखायचे आहे आणि पापड-बिबड्यांतूनही ते येतच असते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी कळण्याचे पीठ बिनमिठाचे दळून आणावे.

हिवाळ्यात बाजरी, इतर वेळी दादर किंवा साधी ज्वारी असा बदल करण्यास हरकत नाही. भाताची सवय असेल तर तो भाकरीवर जास्तीचा म्हणून घेऊ नये. लहान वाटीभर शिजलेला भात हवा असेल तर अर्धी भाकरी कमी करावी.

तेलाचा हिशेब

खानदेशी जेवण वजन वाढवते, अशी तक्रार ज्यांनी ऐकली असेल त्यांनी भाकरीकडे बोट दाखवण्याआधी तर्रीकडे पाहावे. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांतून ग्रॅमला चारच. मोठ्या चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. शेंगदाण्याचे घाण्याचे तेल असो, सोयाबीनचे असो किंवा घरचे साजूक तूप असो, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. “घाण्याचे तेल आहे, बाधत नाही” हा समज वजनाच्या बाबतीत उपयोगाचा नाही.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी आपल्या भरताचेच उदाहरण घेऊ. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे म्हणजे हिरवट-पांढरट, मोठे, कमी बियांचे आणि भाजल्यावर लोण्यासारखे मऊ होणारे फळ. २०० ग्रॅम वांग्यात अवघ्या ५० कॅलरी असतात. ते काड्यांच्या जाळावर भाजून, साल काढून, लाकडी दांड्याने ठेचेपर्यंत त्यात काहीही भर पडत नाही. पुढे एका माणसाच्या वाट्याला दोन मोठे चमचे तेलाची फोडणी आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे आले की २४० आणि १७० कॅलरींची भर पडून तेच भरीत ४६० कॅलरींचे होते, आणि बरोबर पुऱ्या असतील तर बेरीज करण्यातही अर्थ उरत नाही. आता हेच भरीत माणशी एका लहान चमच्याच्या, म्हणजे पाच मिलिलिटरच्या फोडणीत करावे, शेंगदाणे दहा ग्रॅम घ्यावेत पण ते भाजून जाडसर ठेचावेत म्हणजे प्रत्येक घासात लागतील, हिरवी मिरची आणि लसूण तेलात तळण्याऐवजी वांग्याबरोबरच निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून घ्यावेत, आणि कांद्याची पात व कोथिंबीर दुप्पट घालावी. ही वाटी १५० कॅलरींच्या आसपास बसते. चवीसाठी धुराचा वास, भाजलेला लसूण आणि पातीचा करकरीतपणा लागतो, आणि तो पूर्ण शिल्लक राहतो. ३०० कॅलरींची बचत एका पदार्थात होत असताना भाकरी सोडून उपाशी उठणे मला अन्यायाचे वाटते.

घरातल्या एकूण तेलाचा हिशेब ठेवण्याची सोपी रीत अशी आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत १५ किलोचा डबा आणतात. डबा फोडला त्या दिवशीची तारीख त्यावर लिहावी. माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले, तर चार माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास तेल-तूप लागावे आणि तो डबा साडेचार महिने पुरावा. तो दोन महिन्यांत संपत असेल, तर कोणाच्या भाकरीवर बोलण्याआधी स्वयंपाकघरातील पळीवर बोलावे. रोजच्या तेलासाठी एक लहान बरणी वेगळी ठेवून, आठवड्याचे तेल रविवारी त्यात भरून घ्यावे. बरणी शनिवारपर्यंत पुरवायची, एवढा एकच नियम घरातील सर्वांना समजतो.

शेवभाजी, पातोडी आणि डुबुकवडे

शेवभाजी सोडा, असा सल्ला मी देणार नाही, कारण तो कोणी पाळत नाही. १०० ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि रश्शात आधीच तेल, कांदा आणि सुक्या खोबऱ्याचे वाटण असते. म्हणून पंधरा दिवसांतून एखाद्या दुपारी, घरी केलेली आणि मोजून केलेली शेवभाजी ठेवावी. रस्सा करताना कांदा आणि खोबरे कोरडेच भाजावे, वाटणात खोबऱ्याचे प्रमाण निम्मे करून त्याऐवजी भाजलेला टोमॅटो घालावा, आणि उकळी आल्यावर गॅस बंद करून रस्सा दहा मिनिटे स्थिर राहू द्यावा. वर आलेली तर्री डावाने काढून घ्यावी. माणशी २० ग्रॅम शेव वाढताना घालावी, आणि रश्शात मोड आलेली मटकी शिजवलेली असावी, म्हणजे वाटीतला आधार शेवेचा न राहता मटकीचा होतो. काढलेली तर्री दुसऱ्या दिवशीच्या भाजीच्या फोडणीला वापरता येते. मात्र ती त्या दिवशीच्या तेलात धरावी.

पातोडीचा रस्सा आणि डुबुकवडे हे दोन्ही पदार्थ बेसनाचे असल्याने त्यांतून प्रथिने मिळतात. पातोड्या शिजवलेल्या पिठाच्या थापून रश्शात सोडाव्यात, तळू नयेत. डुबुकवडे तर उकळत्या रश्शातच शिजतात. ज्या दिवशी हे पदार्थ असतील त्या दिवशी डाळीची वेगळी वाटी लागत नाही, पण पालेभाजी किंवा कोशिंबीर मात्र हवी.

तूर आणि हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून, मुठीने वळून वाफवलेले फुणके हा वजन उतरवणाऱ्यासाठी उत्तम पदार्थ आहे, आणि तो नव्या घरांतून मागे पडतो आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांत तेल लागतच नाही. त्यांवर तेल ओतून खाण्याची सवय असेल, तर त्याऐवजी पातळ कढी घ्यावी.

वरण-बट्टीच्या दुपारी बट्ट्या उकडून किंवा वाफवून घेतल्यावर तळण्याऐवजी ओव्हनमध्ये, तंदुरीत किंवा जाड बुडाच्या भांड्यात भाजाव्यात, दोन लहान बट्ट्यांवर थांबावे आणि वरण वाटीभर जास्त घ्यावे.

एका दुपारचे ताट, आकड्यांसह

वर सांगितलेले प्रत्यक्षात कसे दिसते, ते पाहू. ६० ग्रॅम पिठाची कळण्याची एक भाकरी सुमारे २०५ कॅलरींची होते. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीची घट्ट वाटी, पाव जुडी मेथी घालून आणि लहान चमचाभर तेलाची फोडणी देऊन, १५० कॅलरींची होते. मोठी वाटीभर गिलक्याची किंवा दोडक्याची भाजी, तीही लहान चमचाभर तेलात, ८० कॅलरींत बसते. कांदा, काकडी आणि मुळ्याला २५, आणि लोणी काढलेल्या पातळ ताकाच्या पेल्याला ४० धरावेत. एकूण ५०० कॅलरी होतात, आणि प्रथिने १९-२० ग्रॅम मिळतात. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा या एका ताटाने भागतो. मांसाहारी घरांत डाळीच्या जागी दोन उकडलेली अंडी किंवा कमी तेलातील कोंबडीचा रस्सा चालतो, पण रश्शाबरोबर भाकरी कुस्करून खाताना तिचे प्रमाण सुटते, इकडे लक्ष असावे.

डाळीवर किंवा पालेभाजीवर लिंबू अवश्य पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे भाजी-भाकरीतील लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर उलट परिणाम होतो, म्हणून चहाला किमान तासभर थांबावे.

हे ताट बैठे काम करणाऱ्यासाठी आहे. दुकानावर, शाळेत किंवा कार्यालयात दिवस काढणाऱ्याला ते पुरते. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात दिवसभर राबणाऱ्याला पुरणार नाही, आणि त्याने दीड-दोन भाकरी घेण्यात काहीच चूक नाही.

केळी, कढत ऊन आणि डबा

केळ्याने वजन वाढते म्हणून ज्या जिल्ह्यात केळी पिकते तेथेच माणसे ती टाळतात, हे मला पटत नाही. मध्यम केळ्यात १०० कॅलरींच्या आसपास असतात, म्हणजे अर्ध्या भाकरीएवढ्या. जेवणावर लगेच केळे खाण्यापेक्षा ते चार-पाच वाजताच्या भुकेसाठी ठेवावे. शेवेच्या बशीपेक्षा ते कितीतरी हलके पडते. केळ्याचे वेफर्स मात्र तळलेले असतात, त्यांची गणना फळात करू नये.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डब्यातील पातळ डाळ दुपारपर्यंत आंबते. त्या दिवसांत सुकी मुगाची किंवा मटकीची उसळ, फुणके, कांदा आणि स्वतंत्र डबीत लिंबू असा डबा द्यावा, आणि ताक सकाळी अगदी ताजे घुसळून, जिरे घालून थर्मासमध्ये भरावे. थंड सरबते आणि उसाचा रस यांतली साखर पाण्याबरोबर नकळत पोटात जाते, तेव्हा तहानेला पाणी आणि ताक हेच धरून चालावे.

जी शेवटी जेवते तिच्यासाठी

या विषयावरील लेखनात एक गोष्ट सहसा येत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या पुष्कळ घरांत स्वयंपाक करणारी बाई सर्वांच्या मागून जेवते. तोपर्यंत डाळ तळाला गेलेली असते, भाजी संपलेली असते, आणि ती दोन भाकरी, ठेचा आणि तेल यांवर जेवण उरकते. वर मुलांच्या ताटातले उरलेले टाकवत नाही म्हणून तेही खाते. तिचे वजन वाढते आणि त्याच वेळी रक्तातील लोहही कमी असते. तिला “कमी खा” असे सांगणे व्यर्थ आहे. स्वयंपाक होताच, कोणाचेही पान वाढण्याआधी, तिच्या वाट्याची डाळीची आणि भाजीची वाटी झाकून बाजूला ठेवावी, आणि ते काम घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे. शक्य असेल तर सर्वांनी एकत्र बसावे. उरलेले अन्न पोटात ढकलण्यापेक्षा भाकरी एक कमी थापावी.

सण, पाहुणे आणि आग्रह

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि रशी (कटाची आमटी) असणारच, आणि त्या दिवशी हिशेब मांडू नये. एक पोळी आणि एक वाटी रस सावकाश, मनापासून खावा. रशीतील डाळीचा भाग आणि कैरी-कांद्याची कोशिंबीर जास्त घ्यावी, कुरडई-पापड भाजून किंवा एखादाच घ्यावा, आणि त्या रात्री भूक नसेल तर ताकावर निभवावे. सणाचा एक दिवस वजन बिघडवत नाही. सणाचे उरलेले पुरण आठवडाभर संपवत राहणे ते बिघडवते. पाहुणे म्हणून गेल्यावर आत्या किंवा मामी आग्रह करणारच, तेव्हा पहिल्यांदा ताट येताना भाकरी अर्धी घ्यावी, म्हणजे आग्रहाची अर्धी स्वीकारून त्यांचा मानही राखता येतो.

बेत लागू पडतो आहे का, हे कसे पाहावे

आठवड्यातून एकदाच, सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करावे. रोजचे वजन पाणी आणि मीठ यांमुळे वरखाली होते आणि उगाच निराशा येते. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, आणि मधुमेह-हृदयविकाराच्या दृष्टीने हे माप वजनाइतकेच बोलके आहे. तीन-चार आठवड्यांत दोन्हींत काहीच फरक दिसला नाही, तर आधी तेलाच्या डब्यावरची तारीख पाहावी, मग पाच वाजताची बशी तपासावी, आणि त्यानंतरच भाकरी पाऊण करावी. डाळीची वाटी आणि भाजीचा अर्धा भाग यांना मात्र हात लावू नये.